बहिणीच्या एमआरआयमध्ये एमएस आलंय, मग अजून स्कॅन कशासाठी सांगतायत?

भांडुपचा दादा

नमस्कार मंडळी, थोडं लांबलचक लिहितोय पण कुणीतरी नीट वाचून सांगा प्लीज.

माझी धाकटी बहीण २९ वर्षांची, अंधेरीला बँकेत नोकरी. मागे तिला डाव्या डोळ्याने धूसर दिसायला लागलं, डोळा फिरवला की आत दुखायचं आणि लाल रंग त्या डोळ्याने फिका दिसतो म्हणत होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी ऑप्टिक न्यूरायटिस, म्हणजे डोळ्याच्या नसेला सूज, सांगून थेट न्यूरोलॉजिस्टकडे पाठवलं, कॉन्ट्रास्ट (ताजे डाग उजळून दाखवणारं इंजेक्शन) देऊन ब्रेनचा एमआरआय झाला, मग अ‍ॅडमिट करून सलाइनमधून स्टेरॉइड दिले. नजर बऱ्यापैकी परत आलीये.

रिपोर्टमध्ये लिहिलंय की व्हेंट्रिकलच्या (मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीच्या) कडेला आणि कॉर्टेक्सला (मेंदूच्या बाहेरच्या थराला) लागून टी-टू आणि फ्लेअर या प्रकारच्या चित्रांवर पांढरे डाग आहेत, त्यातला एक कॉन्ट्रास्ट घेतोय, बाकीचे घेत नाहीयेत, आणि शेवटी डिमायलिनेशन, म्हणजे नसांवरचं आवरण खराब होणं, मल्टिपल स्क्लेरोसिसची (एमएस, शरीराची प्रतिकारशक्तीच हे आवरण खराब करते तो आजार) शक्यता जास्त. आता डॉक्टर म्हणतायत पूर्ण स्पाइनचा एमआरआय करा, डोळ्यांच्या नसांचा पण करा, रक्ताच्या दोन अँटिबॉडी टेस्ट करा, आणि गोळ्या सुरू झाल्यावर काही महिन्यांनी परत ब्रेन, मग दरवर्षी एक.

घरी सगळे हवालदिल आहेत. आई म्हणते एकदा कळलं ना काय झालंय, मग पोरीला सारखं त्या बोगद्यात कशाला घालायचं. शेजारच्या काकूंनी रेडिएशनचं डोक्यात भरवून दिलंय. काका म्हणतात कल्याणला ओळखीच्या सेंटरमध्ये निम्म्या पैशात होईल, तिथे ओपन मशीन आहे, ती घाबरणार पण नाही. मला प्रश्न पैशांचा पण आहे हे खरं आहे, पण त्याहून जास्त हे की प्रत्येक स्कॅनमधून नक्की काय कळणार आहे ते समजलं तर आईला समजावता येईल. आणि ते कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन दरवेळी घेणं बरं का?

गोरेगावची मी

दादा, आधी आईंना सांगा की एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. सीटी स्कॅनमध्ये असतात. एमआरआय चुंबक आणि रेडिओ लहरींवर चालतो त्यामुळे काकूंचा मुद्दा इथे लागूच होत नाही, कितीही वेळा केला तरी रेडिएशन साठत नाही.

मला २०१२ पासून एमएस आहे. दरवर्षी स्कॅन कशाला याचं उत्तर मला माझ्याच अंगावर कळलं. मधे एक अख्खं वर्ष मला काही म्हणजे काही झालं नव्हतं, लोकलने जात होते, मुलाचा अभ्यास घेत होते, स्वयंपाक करत होते, आणि त्या वर्षीच्या स्कॅनमध्ये नवीन डाग निघाले. शरीराने काहीच सांगितलं नव्हतं. डाग अशा जागी होते की तिथून हातपाय, नजर, तोल यातलं काही थेट बिघडत नाही. डॉक्टरांनी तेवढ्यावरून औषध बदललं, मी अटॅक यायची वाट बघत बसले नाही. माझ्यासारख्या पेशंटसाठी एमआरआयचा खरा उपयोग हा आहे. आजार आतल्या आत चालू आहे की शांत आहे हे बाहेरून दिसत नाही.

याच्या उलटही होतं, तेही सांगून ठेवते कारण तुमची पुढे धावपळ वाचेल. मे महिन्यात किंवा ऑक्टोबर हीटमध्ये, गर्दीच्या डब्यात, ताप आला की, लघवीचं इन्फेक्शन झालं की माझा पाय जड होतो, डोळ्यासमोर जुनंच धुकं परत येतं. थंड झालं, ताप उतरला की जातं. तो नवा अटॅक नसतो, जुनी इजा उष्णतेने वर येते. प्रत्येक वेळी घाबरून स्कॅनला पळायचं नसतं. नवं लक्षण चोवीस तासांच्या वर टिकलं आणि ताप किंवा इन्फेक्शन नसेल तर डॉक्टरांना फोन करायचा, स्कॅन लागतो की नाही ते त्यांना ठरवू दे.

काही वर्षं मी नॅटालिझुमॅब या एमएसच्या औषधावर होते आणि माझी जेसी व्हायरसची टेस्ट पॉझिटिव्ह होती, तेव्हा तर दर ३-४ महिन्यांनी ब्रेन व्हायचा. तो एमएससाठी नव्हताच, त्या औषधावर असताना या व्हायरसमुळे होऊ शकणारं पीएमएल नावाचं मेंदूचं गंभीर इन्फेक्शन लक्षणं यायच्या आधी पकडायला होता. म्हणजे कुठलं औषध मिळतं त्यावर पण स्कॅन किती ते ठरतं, बहिणीचं औषध ठरलं की हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा.

मॅग्नेट रूम

मी परळ भागात एमआरआय टेक्नॉलॉजिस्ट आहे, रिपोर्ट वाचणं माझं काम नाही, पण मशीनचं विचारलंय म्हणून लिहितो.

काकांचं मन दुखवू नका पण ओपन मशीनला एमएससाठी जाऊ नका. बहुतेक ओपन मशीनची ताकद बरीच कमी असते, अर्ध्या टेस्लाच्याही खाली (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप). गुडघा वगैरे ठीक आहे, पण एमएसचे डाग कधीकधी ३ मिलिमीटरचे असतात, कॉर्टेक्सला चिकटलेले असतात, ते कमी ताकदीच्या चित्रात हरवतात. १.५ टेस्ला चालतं, ३ टेस्ला मिळालं तर उत्तम. घाबरत असेल तर रुंद बोगद्याचं मशीन मागा, ७० सेंटिमीटरची मशीन आता मुंबईत बऱ्याच ठिकाणी आहेत. ब्रेनच्या स्कॅनला डोक्यावर कॉइल येतं त्यावर आरसा असतो, पायाकडचं दिसतं, हातात बेल असते, कानात बोळे किंवा हेडफोन. घरातलं कुणीतरी, अंगावर धातू नाही अशी खात्री करून, आत पायाशी हात धरून उभं राहू शकतं, बहुतेक ठिकाणी विचारलं तर परवानगी मिळते. आम्हाला आधी सांगितलं की पेशंट घाबरतो तर आम्ही प्रत्येक सीक्वेन्सच्या (चित्रांच्या एका फेरीच्या) मध्ये बोलत राहतो, ब्रेनला अर्धा पाऊण तास आणि पूर्ण स्पाइन जोडला तर त्याहून बराच जास्त वेळ लागतो, तेवढा वेळ न हलता पडून राहणं सोपं नाही हे आम्हाला माहीत असतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एमएसमध्ये एकटं चित्र अर्धंच कामाचं असतं, मागच्या चित्राशेजारी ठेवून बघायचं असतं. पोराची उंची दरवर्षी एकाच दाराच्या चौकटीवर खूण करून मोजतात ना, तसं. एकदा जाड स्लाइस, एकदा पातळ, एकदा दुसऱ्या अँगलने, असं केलं तर जुनाच डाग नवा वाटतो आणि नवा डाग दोन स्लाइसच्या मधल्या गॅपमध्ये लपतो, आणि त्या जोरावर औषध बदललं जातं किंवा बदलायला हवं ते बदललं जात नाही. म्हणून शक्यतो तेच सेंटर, तेच मशीन, तोच प्रोटोकॉल (चित्रं घ्यायची ठरलेली पद्धत). अपॉइंटमेंट घेतानाच सांगा की एमएसचा फॉलोअप आहे, थ्रीडी फ्लेअर (पातळ स्लाइसवाला फ्लेअर) होणार का. नुसतं एमआरआय ब्रेन म्हणून चिठ्ठी आली तर काही ठिकाणी साधा प्रोटोकॉल होतो, ५ मिलिमीटरच्या स्लाइस, ते डोकेदुखीला ठीक आहे पण एमएसला नाही. जाड स्लाइस असतील तर जास्तीत जास्त ३ मिलिमीटर आणि मध्ये गॅप नको. स्पाइनला नुसता टी-टू नाही, एसटीआयआर किंवा तत्सम दुसरा सीक्वेन्स सोबत हवा, कारण कॉर्ड (मणक्यातली नसांची दोरी) बारीक असते, श्वासाने आणि हृदयाच्या ठोक्याने हलते, एकाच सीक्वेन्सवर डाग चुकतो.

आणि येताना मंगळसूत्र, जोडवी, सेफ्टी पिना, केसांचे चाप, वायरवाली ब्रा, जरीचा ब्लाउज, काजळ, मोबाइल, रेल्वेचं कार्ड सगळं बाहेर. पेसमेकर, मेंदूतली क्लिप, कानातलं इम्प्लांट असेल तर आधी सांगायचंच. चुंबक चोवीस तास चालू असतं, स्कॅन संपला म्हणजे बंद झालं असं नसतं. २०१८ मध्ये आपल्या मुंबईतच ऑक्सिजन सिलिंडर आत नेल्यामुळे पेशंटच्या एका नातेवाइकाचा जीव गेलाय. आम्ही दारात ओरडतो ते त्यासाठी, राग मानू नका.

हेमांगी ठाणे

दादा स्पाइनचा एमआरआय आणि त्या दोन रक्ताच्या टेस्ट अजिबात टाळू नका, हात जोडून सांगते. माझ्या मुलीचं अगदी असंच झालं होतं, आधी डोळा, सगळे एमएस म्हणत होते आणि औषध पण ठरत आलं होतं. मग स्पाइनच्या स्कॅनमध्ये एकच लांबलचक डाग निघाला, तीन मणक्यांपेक्षा जास्त लांबीचा, कॉर्डच्या मधोमध. रक्तात अ‍ॅक्वापोरिन-४ अँटिबॉडी पॉझिटिव्ह आली आणि आजाराचं नावच बदललं, एनएमओ, ज्यात प्रतिकारशक्ती मुख्यतः डोळ्यांच्या नसांवर आणि कॉर्डवर हल्ला करते. तो वेगळा आजार आहे, आणि एमएसची काही औषधं, इंटरफेरॉन, फिंगोलिमोड, नॅटालिझुमॅब, एनएमओमध्ये उलट त्रास वाढवू शकतात. आमचं औषध वेळेत बदललं गेलं म्हणून ती आज कॉलेजला जातेय. दुसरी टेस्ट एमओजी नावाच्या अँटिबॉडीची असते, तो पण अनेकदा डोळ्यापासून सुरू होणारा अजून एक वेगळा आजार. आईंना सांगा की पैसे फुकट जात नाहीयेत, चुकीचं औषध लागू नये म्हणून आहे हे.

वॉर्ड क्र. ७

पालिकेच्या हॉस्पिटलमध्ये न्यूरोलॉजीचा रेसिडेंट आहे. तुमच्या बहिणीचं निदान इथे बसून मी करणार नाही, पण डॉक्टर काय शोधतायत ते सांगू शकतो.

एमएसचं निदान मॅकडोनाल्ड निकषांवर होतं, २००१ ला आले आणि तेव्हापासून अनेकदा सुधारले, २०१७ चे बरीच वर्षं वापरात आहेत आणि २०२४ ची नवी सुधारणा आता येऊन पोचलीये. २०१७ च्या निकषांत दोन गोष्टी सिद्ध करायच्या असतात. इजा एकापेक्षा जास्त जागी आहे, आणि ती एकाच वेळची नाही. जागांचं बोलायचं तर व्हेंट्रिकलच्या कडेला, कॉर्टेक्समध्ये किंवा त्याला लागून, खाली ब्रेनस्टेम आणि सेरेबेलममध्ये (मेंदूचा देठ आणि मागचा छोटा मेंदू), आणि स्पायनल कॉर्डमध्ये, या चारपैकी किमान दोन. नव्या सुधारणेत ऑप्टिक नर्व्ह ही पाचवी जागा धरलीये, म्हणून डोळ्यांच्या नसांच्या स्कॅनला पूर्वीपेक्षा जास्त वजन आलंय.

वेळेचं कसं कळतं तर कॉन्ट्रास्टवरून. ताजा डाग असतो तिथे रक्त आणि मेंदू यांच्यातला अडसर गळका झालेला असतो, तिथून कॉन्ट्रास्टमधलं गॅडोलिनियम आत झिरपतं आणि डाग उजळतो, साधारण २ ते ६ आठवडे तसं दिसतं आणि मग थांबतं. म्हणून एकाच स्कॅनमध्ये एक डाग कॉन्ट्रास्ट घेतोय आणि बाकीचे घेत नाहीयेत, याचा अर्थ काही नवे काही जुने. तुमच्या रिपोर्टमधली ती ओळ साधी नाहीये, डॉक्टरांना त्यावरून बरंच कळलं असणार. वेळेचा पुरावा स्कॅनमध्ये मिळाला नाही तर पाठीतलं पाणी काढून ऑलिगोक्लोनल बँड (त्या पाण्यातल्या अँटिबॉडींच्या रेघा) बघतात. आणखी एक, तुमच्याकडे स्कॅन स्टेरॉइडच्या आधी झाला ते बरं झालं, स्टेरॉइडने तो उजळपणा दबतो. अर्थात नजर जात असेल तर स्कॅनच्या नंबरसाठी स्टेरॉइड अडवून ठेवत नाहीत.

स्पाइन का, तर हेमांगीताईंनी लिहिलंय तेच. एमएसचे कॉर्डमधले डाग सहसा आखूड असतात, दोन मणक्यांपेक्षा कमी, आणि कडेला असतात. शिवाय मेंदूत पांढरे डाग वयाने, ब्लड प्रेशरने, मायग्रेनने पण येतात, कॉर्डमध्ये त्या कारणांनी येत नाहीत. त्यामुळे कॉर्डमध्ये एक डाग सापडला तरी चित्र खूप स्पष्ट होतं, आणि पुढे आजार किती जोर धरेल याचा अंदाज घ्यायलाही मदत होते.

औषध सुरू केल्यावर ३ ते ६ महिन्यांनी ब्रेन सांगतात त्याचं कारण असं की औषधाचा परिणाम सुरू व्हायला वेळ लागतो, तोपर्यंत एखादा नवा डाग आला तर तो औषधाच्या नावावर मांडणं अन्याय आहे. मधला स्कॅन ही नवी सुरुवात, पुढचे सगळे त्याच्याशी ताडून बघायचे. आणि त्या फॉलोअपला दरवेळी कॉन्ट्रास्ट लागतोच असं नाही, २०२१ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींमध्ये हे स्पष्ट आहे, जुना चांगला स्कॅन समोर असेल तर नवे डाग कॉन्ट्रास्टशिवाय मोजता येतात. पहिल्या निदानाला मात्र हवं.

गॅडोलिनियमचं भय किती धरायचं? किडनी चांगली असेल तर बहुतेक सगळं एका दिवसात लघवीतून जातं, म्हणून इंजेक्शनआधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघतात. किडनी खूप खराब असलेल्यांना जुन्या प्रकारच्या कॉन्ट्रास्टने त्वचेचा गंभीर आजार झालेला आहे. २०१४ पासून हेही कळलं की अगदी थोडा अंश मेंदूच्या काही भागात राहतो. त्याने निरोगी किडनीच्या माणसाला इजा झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, तरी युरोपने २०१७ मध्ये लिनियर (साखळीसारख्या रेणूच्या) प्रकारातले बरेच कॉन्ट्रास्ट बंद केले, मॅक्रोसायक्लिक (कड्यासारख्या रेणूच्या) प्रकारातला अंश कमी राहतो. सेंटरला विचारा मॅक्रोसायक्लिक वापरता का, विचारण्यात काही गैर नाही. बहीण पुढे कधी गरोदर असेल तर मात्र कॉन्ट्रास्ट टाळतात.

शिवडी

मध्येच विचारतो माफ करा, माझ्या वहिनीला मायग्रेन आहे, तिच्या एमआरआयमध्ये पण फ्लेअरवर काही पांढरे ठिपके लिहिलेत, नॉनस्पेसिफिक, म्हणजे कुठल्या एका आजाराचे म्हणता येत नाहीत असं. हे वाचून पोटात गोळा आला, तिला पण एमएस असेल का?

वॉर्ड क्र. ७

घाबरू नका. ठिपका आहे एवढ्यावरून एमएस होत नाही. कुठे आहे, आकार कसा आहे, आणि माणसाला काय होतंय हे बघावं लागतं. एमएसचे डाग मेंदूतल्या बारीक शिरांभोवती वाढतात म्हणून लंबगोल असतात आणि बाजूच्या चित्रात व्हेंट्रिकलपासून वर बोटांसारखे उभे दिसतात, डॉसन या डॉक्टरने १९१६ मध्ये मृत रुग्णांच्या मेंदूच्या कापांवर हेच वर्णन केलं होतं, त्याचं नाव अजून रिपोर्टमध्ये येतं. नवीन मशीनवर तर डागाच्या मधोमध जाणारी शीर पण दिसते आणि २०२४ च्या निकषांत तिचा उपयोग केलाय. मायग्रेनचे ठिपके बारके, विखुरलेले, व्हेंट्रिकलपासून दूर असतात. लक्षणं एमएसची नसतील तर फक्त ठिपक्यांवरून निदान करायचं नसतं, तसं करून बिनगरजेची औषधं सुरू झालेले लोक ओपीडीत भेटतात आणि फार वाईट वाटतं. वहिनींचा स्कॅन एकदा न्यूरोलॉजिस्टला दाखवा, फिल्म घेऊन जा, नुसता रिपोर्ट नको.

भांडुपचा दादा

मंडळी काय बोलू, आईला सगळं वाचून दाखवलं. हेमांगीताईंचं वाचल्यावर ती स्वतःच म्हणाली स्पाइनचं कधीचं मिळतंय बघ. कल्याणचं रद्द. पहिला ब्रेन जिथे केला तिथेच ३ टेस्ला आहे, तिथेच घेतोय.

दोन बारीक प्रश्न राहिले. आमच्याकडे फिल्म आहेत आणि रिपोर्ट आहे, सीडी मिळाली नव्हती, चालेल का? आणि बहीण विचारतेय की डाग जास्त म्हणजे आजार जास्त का, ती रात्री डाग मोजत बसते रिपोर्टवर.

गोरेगावची मी

तिला सांगा मोजू नको. माझ्या स्कॅनमध्ये इतके डाग आहेत की नवीन डॉक्टर आधी स्कॅन बघून मग मला बघतात तेव्हा चेहऱ्यावर आश्चर्य दिसतं, कारण मी चालत आत आलेली असते. आणि आमच्या ग्रुपमध्ये एक जण आहे, त्याच्या मेंदूत डाग थोडेच पण कॉर्डमधला एक नेमका वाईट जागी, काठी लागते. किती यापेक्षा कुठे, आणि नवे येतायत का, हे बघायचं. तुमच्या बहिणीला भेटायचं असेल, बोलायचं असेल तर मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडियाचं मुंबई चॅप्टर आहे, तिथे तिच्या वयाच्या मुली भेटतील, मला त्या काळात तोच मोठा आधार झाला. आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएस आहे, आत्ता तिला गरज नसेल पण माहीत असू द्या.

मॅग्नेट रूम

फिल्मवर भागत नाही दादा. फिल्मवर आम्ही निवडक चित्रं छापतो, छोटी करून, थ्रीडी फ्लेअरच्या दीडशेच्या वर स्लाइस असतात त्या कुठे मावणार. डायकॉम फाइल्स (स्कॅनची मूळ डिजिटल चित्रं) मागा, सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर, काही ठिकाणी आता लिंक पण देतात. लिंक काही काळाने बंद होते, लगेच डाउनलोड करून घ्या. जुन्या स्कॅनचा डेटा सेंटरकडे सर्व्हरवर असतो पण कायमचा ठेवतीलच असं नाही, म्हणून स्पाइनची अपॉइंटमेंट घ्यायला जाल तेव्हाच ब्रेनची सीडी मागून घ्या, बिलावरचा पेशंट आयडी सोबत न्या म्हणजे काउंटरवर लगेच सापडेल. घरी एक कॉपी कॉम्प्युटरवर, एक दुसरीकडे. मोबाइलवर फिल्मचा फोटो काढून डॉक्टरांना पाठवू नका, त्यातून काही कळत नाही. आणि नवीन स्कॅनच्या दिवशी जुनी सीडी रिसेप्शनला नाही, रेडिओलॉजिस्टकडे जाईल असं बघा, रिपोर्टमध्ये आधीच्या तारखेच्या स्कॅनशी तुलना केली असं वाक्य आलं पाहिजे. नसेल तर तिथेच थांबून लिहून मागा.

स्पाइनला सकाळची पहिली वेळ घ्या, उन्हाच्या आधी, आणि तिला सांगा खाऊन ये, नुसत्या एमआरआयला उपाशी राहायला लागत नाही, कॉन्ट्रास्ट असेल तर सेंटर जे सांगेल तेवढंच पाळायचं.